कार बाईंच्या घरून

हल, इंग्लंड

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबांनी माझ्या घरमालकीणबाईंचे ‘कार’ हे आडनाव शब्दकोशात पाहिले आणि त्याचा अर्थ ‘दलदलीतील झाडी’ असा निघाल्यापासून तुम्ही दोघेही काळजीत आहात, असे ताईने कळवले. माझी खोली वरच्या मजल्यावर आणि अगदी कोरडी आहे. खोकलाही कधीच थांबला.

हा शब्द नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, लोकांचा. ते नवव्या शतकात येथे, यॉर्कशरमध्ये स्थायिक झाले. आई, हेवाळे-बांबर्ड्याच्या राईत रानजायफळाची मुळे चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली आपण पाहिली होती ना, तशीच येथे अल्डर आणि विलोची झाडे पाण्यात पाय रोवून उभी असत. पुढे चर खणून पाणी काढले, शेते झाली. नाव मात्र जमिनीला, रस्त्यांना आणि तेथल्या माणसांना चिकटून राहिले. हलच्या भर बाजारात कार लेन आहे, आणि तेथे चिखलाचा ठिपकाही नाही.

एका गोष्टीचा उलगडा मात्र मला अजून होत नाही. बाई फोनवर नाव सांगताना प्रत्येक वेळी ‘सी, ए, दोनदा आर’ अशी अक्षरे सुटी करून सांगतात, ओळखीच्या दुकानदारालासुद्धा. येथे शब्दाच्या शेवटचा ‘र’ उच्चारत नाहीत, त्यामुळे मोटार आणि आडनाव दोन्ही ‘का’ असेच ऐकू येते; म्हणजे जो र बोलायचाच नाही, तो दोनदा लिहायचा. आपल्याकडे आडनाव सांगितले की समोरचा गाव विचारतो, येथे फक्त स्पेलिंग विचारतात.

स्कॉटलंडच्या सीमेवर याच शब्दाचे ‘केर’ झाले. ते घराणे डावखुरे म्हणून प्रसिद्ध, इतके की डावखुऱ्या माणसाला तिकडे ‘केर-हँडेड’ म्हणतात. मी डाव्या हाताने कांदा चिरताना बाईंनी हे सांगितले, तेव्हा आपल्याकडेही कर म्हणजे हातच, हे आठवले आणि आजी डोळ्यांसमोर आली. ताटावर माझा डावा हात धरणारी तीच. तिच्या दिवसांनाही मी आले नाही.

कौलांसाठी ४०,००० रुपये पाठवले आहेत, कमी पडल्यास संकोच न करता कळवा. ताईच्या लग्नासाठी रजा मागितली आहे. मिळेल, पण हळदीपर्यंत पोहोचेन असे वचन देत नाही. माझ्यासाठी पाहिलेल्या स्थळाला मी नाही म्हटलेले नाही, बाबा. आपले आडनाव मी पुढेही लावणार आहे, एवढे मात्र त्यांना आधीच सांगा.

तुमची,
धाकटी