छातीवरची गोळी परस्पर बदलू नका

माननीय संपादक,

जिना चढताना, चढणीला लागल्यावर छातीत भरून येतं त्या अंजायनासाठी बीटा-ब्लॉकर घेणारं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत असतं. "ही नसेल तर दुसरी द्या, सगळ्या सारख्याच" हे फोंड्यात फार्मसी चालवताना मी सतत ऐकलं. गिऱ्हाइकांकडून आणि व्यवसायबंधूंकडूनही. ते अर्धंच खरं आहे.

नाडीचा वेग उतरवून हृदयावरचा ताण कमी करणं, या कामात अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल आणि बिसोप्रोलॉल या बीटा-ब्लॉकर गोळ्यांत फारसं डावं-उजवं नाही. फरक पडतो तो रुग्णाच्या इतर दुखण्यांमुळे. अटेनोलॉल मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंड अधू असल्यास ते अंगात साठतं. मेटोप्रोलॉलचा निचरा यकृत करतं. सर जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात शोधलेलं प्रोप्रॅनोलॉल (त्यांच्या १९८८च्या नोबेलमागे हाही शोध होता) श्वासनलिकाही आवळतं, तेव्हा दमेकऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उतरली की होणारी धडधड या गोळ्यांमुळे जाणवत नाही. घाम मात्र सुटतो, तो ओळखावा.

गोळीवरचा मिलिग्रॅमचा आकडाही फसवतो. अटेनोलॉल ५० ही बिसोप्रोलॉल ५ पेक्षा दहापट जोरदार नसते.

सर्वांत मोठा घोळ मेटोप्रोलॉलचा. ते टार्ट्रेट आणि सक्सिनेट अशा दोन रूपांत मिळतं. टार्ट्रेट सहसा दिवसातून दोनदा घ्यायचं, तर सावकाश विरघळणारं सक्सिनेट एकदाच. त्यात सक्सिनेटच्या पट्टीवर बारीक अक्षरांत "४७.५ मिलिग्रॅम, टार्ट्रेटच्या ५० मिलिग्रॅमइतके" असं छापलेलं असतं. दोन्ही नावं एकाच पट्टीवर पाहिल्यावर शिकलेला माणूसही गोंधळतो. दोनदाची गोळी एकदाच घेतली, तर पुढच्या कित्येक तासांना आधार उरत नाही. उलट, म्हाताऱ्या माणसाला गिळवत नाही म्हणून सक्सिनेट कुटून पाण्यातून दिलं, तर दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरतो. घरात शुश्रूषा करणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही.

आणि गोळी एकाएकी बंद करणं तर फारच धोक्याचं. दुखणं उसळतं, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही येतो. चतुर्थीला गावच्या घरी जाणाऱ्यांनी पुरेशा गोळ्या आधीच बांधून घ्याव्यात. चक्कर येत असेल, नाडी फार मंद वाटत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं.

आरोग्य खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. गोमेकॉपासून (गोवा मेडिकल कॉलेज) प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत कुठेही एका गोळीऐवजी दुसरी दिली, की रुग्णाच्या हाती मराठी किंवा कोंकणीत चिठ्ठी द्यावी: जुनी कोणती थांबवायची, नवी कोणती आणि ती दिवसातून कितीदा. नाहीतर जुन्या पट्टीतल्या गोळ्या घरी उरलेल्या असतात आणि माणूस दोन्ही घेत राहतो.

– एक निवृत्त फार्मासिस्ट, फोंडा