‘तुमचेच लोक तिकडे’

महोदय,

मुलगी नर्सिंगच्या नोकरीसाठी जर्मनीला निघाली, तेव्हा शाळेत एक सहकारी सहज म्हणाले, ‘तुमचं काय, तुमचेच लोक तिकडे!’ लेक चालली आहे पगारासाठी. आम्ही ख्रिस्ती असलो, तरी आमचे लोक मिरजेतच आहेत, सर. १८९४ मध्ये इथे मिशनचा दवाखाना उभारणारे डॉ. वानलेस परदेशातून आले, हे खरे. माझी आजी मात्र तासगावकडची, गावकुसाबाहेरची. तिने धर्म बदलला, वस्ती तीच राहिली. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच. यावर आमच्या चर्चमध्येही कोणी अवाक्षर काढत नाही. नाताळच्या वर्गणीवर मात्र तासभर बैठक चालते.

— एक ख्रिस्ती शिक्षिका, मिरज (जि. सांगली)