जिन्यांवरची कोटा फरशी ॲसिडने धुणे थांबवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती.

विषय : सामाईक जागेतील फरश्यांची स्वच्छता आणि कोटा फरशी बदलण्याचा प्रस्ताव.

महोदय,

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत, दोन्ही विंगच्या जिन्यांवरील 'खराब झालेली' कोटा फरशी काढून तेथे व्हिट्रिफाइड टाइल्स बसवण्याचा विषय ठेवल्याचे सूचना फलकावर वाचले. या खर्चाला मंजुरी मिळण्यापूर्वी माझे म्हणणे समितीने ऐकून घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र. आपल्या जिन्यांवरचा दगड वयाने निस्तेज झालेला नाही. दर शनिवारी तो ॲसिडने धुतला जातो, म्हणून तो तसा दिसतो.

कोटा हा चुनखडीचा दगड आहे. प्रवेशद्वारातील संगमरवर, पंपघराबाहेरची जुनी शहाबादी आणि आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा ही सारी त्याच कुळातली मंडळी असून कॅल्शियम कार्बोनेट हा त्यांचा मुख्य घटक आहे. त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड पडले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि दगडाचा वरचा थर विरघळून पाण्याबरोबर वाहून जातो. तो फेस म्हणजे मळ निघत असल्याची खूण, असा सफाई कर्मचाऱ्यांचा समज आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण माझ्या ओट्यावर रात्रभर राहिलेल्या लिंबाच्या फोडीने पांढरट डाग पाडेपर्यंत मलाही हे ठाऊक नव्हते. गच्चीवर पडून असलेल्या कोट्याच्या तुकड्यावर आणि लिफ्टच्या चौकटीतून उरलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर मी वॉचमनकाकांसमोर तेच ॲसिड थेंबभर टाकून पाहिले. कोटा फसफसला, ग्रॅनाइटवर काहीही झाले नाही. दोन्ही तुकडे वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये ठेवले आहेत; समिती सदस्यांनी ते अवश्य पाहावेत.

मुळात ॲसिडची गरज का भासू लागली, हे पाहणेही आवश्यक आहे. सामाईक जागा बोअरवेलच्या जड पाण्याने धुतल्या जातात आणि ते पाणी पुसून न घेता तसेच वाळू दिले जाते, त्यामुळे क्षारांचा पांढरा थर मागे राहतो. तो घालवण्यासाठी ॲसिड आणले गेले. परंतु तो थर आणि खालचा दगड हे बव्हंशी एकाच पदार्थाचे असल्यामुळे ॲसिड एकाला काढून दुसऱ्याला सोडू शकत नाही. दगडाची वरची गुळगुळीत त्वचा गेली की तो खरखरीत होतो, खरखरीत दगडात माती आणि क्षार अधिक अडकतात आणि पुढच्या शनिवारी ॲसिडचे प्रमाण वाढते.

यावर उपाय फारसा खर्चिक नाही. जिने आणि प्रवेशद्वार रोज आधी कोरडे झाडून घ्यावेत, कारण चपलांबरोबर येणारी वाळू चुनखडीपेक्षा बरीच कठीण असते आणि ओल्या फडक्याखाली ती काचकागदासारखी घासली जाते. दाराशी लांब पायपुसणे टाकले तर निम्मे काम तेथेच होईल. त्यानंतर बादलीभर नळाच्या पाण्यात सौम्य, आम्लरहित द्रव साबणाचे थोडे थेंब घालून, फडके घट्ट पिळून पुसावे आणि शेवटी कोरड्या फडक्याने पाणी टिपून घ्यावे. नळाचे पाणी पुसण्यापुरते चार बादल्या लागेल, धुण्याइतके नाही. गणपतीत आणि दिवाळीत संगमरवरावर समयी, पणत्या आणि कुंकवाची ताटे ठेवली जातात. त्यांच्याखाली जाड कागद किंवा पाट असावा. तरीही तेल सांडलेच, तर चोळू नये. त्यावर टाल्कम पावडर पसरून रात्रभर ठेवावी आणि सकाळी झाडून घ्यावी. वाहनतळातील चेकर्ड टाइल्सवर सांडलेल्या ऑइलसाठी लाकडाचा भुसा पुरतो.

मजल्यांवरच्या पॅसेजमधील व्हिट्रिफाइड टाइल्सना ॲसिडने फारसे काही होत नाही, हे मान्य. पण त्यांच्या सांध्यांत भरलेले सिमेंट मात्र झिजते, तेथे पाणी मुरते आणि काळ्या रेघा दिसू लागतात. आमच्या मजल्यावर त्या आजही दिसतील. म्हणजे जिन्यावर टाइल्स बसवल्या आणि धुण्याची पद्धत तीच राहिली, तर काही वर्षांनी आपण सांध्यांच्या दुरुस्तीचा विषय विषयपत्रिकेवर घेऊ. शिवाय चकचकीत टाइल पावसाळ्यात ओल्या चपलांखाली निसरडी होते, आणि आपल्या इमारतीत जिना वापरणाऱ्यांत ज्येष्ठ सभासद बरेच आहेत.

कोट्याची झिजलेली त्वचा मशीनने घासून परत आणता येते. मशीनला लावायच्या जाड दाण्याच्या घासदगडापासून बारीक दाण्याच्या घासदगडापर्यंत क्रमाने घासत जाण्याचे हे काम पॉलिशवाले नेहमीच करतात. फरशी उखडण्याऐवजी आधी एका लँडिंगवर असे पॉलिश करून घ्यावे आणि ते पाहून सभेने निर्णय घ्यावा, अशी विनंती आहे. वरून सीलर लावावा असे कंत्राटदार सुचवतील. तो डाग मुरू देत नाही, मात्र ॲसिडपासून दगडाला वाचवत नाही. त्यामुळे ॲसिड बंद होण्याआधी पॉलिशवर एक रुपयाही खर्च करू नये.

सफाईच्या करारात 'चुनखडीच्या दगडांवर व मोझेकवर कोणतेही आम्लयुक्त द्रव्य वापरू नये' अशी अट घालावी. एक महिना ब विंगमध्ये वरील पद्धत वापरून पाहण्यास समितीची हरकत नसेल, तर सकाळी साडेसात ते साडेआठ या वेळेत देखरेखीसाठी उपस्थित राहण्याची माझी तयारी आहे.

एक बाब मात्र सभेपर्यंत थांबू नये. पंपघरात ॲसिडचे दोन कॅन ब्लीचिंग पावडरच्या पोत्याला टेकवून ठेवलेले मी काल पाहिले. ही दोन द्रव्ये एकत्र आली तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो, आणि त्या खोलीला एकच लहान खिडकी आहे. जिने धुणाऱ्या ताई हातमोज्यांशिवाय तेथूनच ॲसिड काढून नेतात. हे कॅन आजच तेथून हलवावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
सभासद, ब विंग, तिसरा मजला