तुझी खर्चाची वही

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, पंचेचाळिशीत नोकरी सोडायची, हिशेब मांडून झालाय. ऐकून खरंच बरं वाटलं. मी साठीपर्यंत राबलो आणि तुझं लहानपण बहुतेक सुट्टीच्या दिवशीच पाहिलं.

पण 'वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमलं की झालं' हे तुझं वाक्य मनातून जाईना. हा आडाखा विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराच्या १९९४ च्या अभ्यासातून आलाय. अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांचे जुने आकडे घेऊन त्यांनी दाखवलं की पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत गेलं, तर पैसे निदान ३० वर्षं पुरतात. तुला ४५ वर्षं काढायची असू शकतात. त्यात पहिल्या दोन-चार वर्षांतच बाजार पडला, तर पडत्या भावात विकून खावं लागतं. मागाहून बाजार सावरला तरी विकलेलं परत येत नाही. म्हणून ३० पट तरी धर. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जातो, तोही खर्चात लिही. मुलाच्या शिक्षणाला मात्र ही पट लावू नकोस. तो खर्च काही वर्षांचाच, त्याची रक्कम वेगळी काढून ठेव.

काटकसर दोन्हीकडून कामी येते. महिन्याला १०० कमी लागले तर वर्षाला १,२०० शिल्लक पडतातच, शिवाय जमवायच्या रकमेतून ३६,००० उतरतात. हे कळलं की माणसाला खर्च कापायची चटकच लागते. मला लागली होती.

तू सातवीत होतास. तुझे बूट अजून एक वर्ष चालतील, असं मी ठरवून टाकलं. एका संध्याकाळी तू मोजे काढलेस आणि अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं दिसलं. कितीतरी दिवस तू दुखणं अंगावर काढलं होतंस, कारण आपल्या घरात खर्चाबद्दल फक्त मी बोलायचो. वहीत त्या महिन्यात बुटांची ओळ नव्हती, याचा मला अभिमान वाटला होता. तुझ्या आईनेही त्या वर्षांत काय काय मनातच ठेवलं, ते मी कधी विचारलं नाही.

तुझ्या वहीत सूनबाईचं अक्षर आहे का रे? तिला काय सोडायला चालेल आणि काय अजिबात नाही, हे तिने लिहायला हवं. पोरालाही शेजारी बसव, त्याला आता बेरीज येते. तिघांनी मिळून मांडलेला वर्षाचा खर्च तुझ्या आकड्यापेक्षा जास्तच निघेल. निघू दे. दोन-तीन वर्षं उशिरा सुटलास तरी चालेल.

पुढच्या वेळी याल तेव्हा ती वही घेऊन ये. मला सूनबाईच्या हातचं पान बघायचंय.

तुझे,
बाबा