बरं वाटतंय म्हणून गोळी बंद?

महोदय,

रक्तदाबाची गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून परस्पर बंद करणारे पुष्कळ असतात. आजार म्हणजे काहीतरी दुखणं, ही समजूत त्यामागे आहे. पण वाढलेला रक्तदाब बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही. आकडा आटोक्यात दिसतो तो गोळी चालू असल्यामुळेच. बीटा ब्लॉकरसारखी (हृदयाचे ठोके मंदावणारी) औषधे एकदम थांबवली तर धडधड वाढते, छातीतही दुखू शकते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करायची असतात. दुसऱ्याला लागू पडलेली गोळी आपण घेणे हा तर निव्वळ आगाऊपणा.

मोजण्यातही घाई नडते. आधी 30 मिनिटे चहा-कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत हवा. हात लोंबकळत ठेवला किंवा गप्पा चालू असल्या की आकडा फुगतो. मिनिटभराने पुन्हा मोजून दोन्ही नोंदी तारखेसह लिहाव्यात.

राहिले मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. पाकीटबंद पदार्थांतले मीठही त्यातच धरायचे.

– एक वाचक