पोट मोठं दिसलं की आईच्या खाऊ घालण्यावर का येता?

संपादक साहेब, नमस्कार. तुमच्या आरोग्य पुरवणीत चरबीवर लेख आला की तळलेलं बंद करा नि रोज चाला एवढंच असतं, म्हणून लिहितेय. माझ्या मुलीला गॉशे नावाचा आजार आहे, त्यात शरीरात एक प्रकारची चरबी साठत जाते. साडेतीन वर्षांची असताना तिचं पोट एवढं फुगलेलं की चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ बेंबीखाली तसाच राहायचा, पायांवर काळेनिळे डाग, आणि सारखा नाकाचा घोळणा फुटायचा. आधी जंताचं औषध झालं, मग कॅन्सरची शंका, त्यात दोन वर्षं गेली. आणि घरच्यांचं एकच, तू हिला काय खाऊ घालतेस.

ही चरबी ताटातून येत नाही हो, शरीर स्वतःच बनवतं. जुन्या पेशी मोडल्या की त्यांच्या आवरणातल्या चरबीचे तुकडे करायला ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम लागतं, ते हिच्यात फार कमी आहे, मग ती चरबी पेशींच्या लायसोसोम नावाच्या कप्प्यांत साठत जाते आणि प्लीहा, लिव्हर, हाडातला मगज सगळं भरत जातं. पथ्याने ती हटत नाही. १८८२ साली फिलिप गॉशेने हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला तेव्हा त्यालाही तो प्लीहेचा कॅन्सरच वाटला होता, पण खरं कारण १९६५ साली कळलंय, तरी आमची दोन वर्षं का जावीत?

एन्झाइम सलाईनमधून देता येतं, पहिलं औषध १९९१ साली आलं. मुलीला दर पंधरवड्याला देतात, प्लीहा बरीच उतरलीय, आणि परवा ती जिना न थांबता चढली, मी खाली उभी राहून रडले. सगळ्यांचं असं होत नाही, टे-सॅक्स नावाच्या अशाच एका आजारात चरबी मेंदूत साठते आणि सलाईनमधलं एन्झाइम तिथे पोचतच नाही, त्या आयांचं काय होत असेल.

आम्ही दोघं नवराबायको ठणठणीत, पण दोघांकडे बिघडलेल्या जीनची एकेक कॉपी, त्यामुळे प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. हे आम्हाला आजार सापडल्यावर कळलं.

पुढच्या वेळी चरबीवर छापाल तेव्हा एवढं घ्याच, की मुलाची प्लीहा वाढलीय, प्लेटलेट कमी आहेत आणि कारण सापडत नाहीये तर डॉक्टरांना रक्तातल्या एन्झाइमची टेस्ट करू का असं विचारा.

– एक आई