आंबवणं आणि आंबट करणं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

आम्लांवरच्या पुस्तिकेचा तुझा अनुवाद वाचला. भाषा छान वळली आहे, पण तिसऱ्या पानावर अडखळले. 'लिंबाचा रस घालून पाणी आंबवावे.' अगं, लिंबू पिळलं की पाणी आंबट होतं, आंबत नाही! आंबवायचं म्हणजे एखादी गोष्ट ठेवून द्यायची आणि तिला आतल्या आत आंबट होऊ द्यायचं. भिजवलेलं पीठ रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी फुगून कडेपर्यंत येतं, वर बारीक बुडबुडे, झाकण काढताच नाकात शिरणारा वास. ते आंबलं. त्यातल्या साखरेचं आम्ल जिवाणूंनी केलं. आपण नुसते झोपलो होतो.

दुधाचं मात्र वेगळंच. तिथेही जिवाणूच दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू (म्हणजे pH, आम्लपणा मोजायचा आकडा; आम्ल वाढलं की तो उतरतो) 4.6च्या आसपास उतरला की केसीन हे दुधातलं प्रथिन गोळा होऊन दही लागतं, तरी दूध आंबवलं असं कोणी म्हणत नाही. विरजण लावलं म्हणतात. आणि तापलेल्या दुधात लिंबू पिळलं, तर ते नासतं. मला ही भाषेची श्रीमंती वाटते, तुझ्या बाबांना कटकट.

समुद्राच्या प्रकरणात 'आम्लीकरण' ठेवलंस ते बरं केलंस. पण त्यापुढे 'म्हणजे आंबट होणे' असा खुलासा जोडलास, तो काढून टाक. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्याचा सामू सरासरी 8.2 होता, आता 8.1च्या आसपास आहे. 7च्या वर म्हणजे पाणी अजून अल्कधर्मीच. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतोय आणि पाणी आम्लाच्या दिशेने सरकतंय, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. 0.1 हा आकडा बघून मुलं म्हणतील, हात्तिच्या! तेव्हा तिथे एक वाक्य वाढव: सामूच्या मोजपट्टीवर एवढ्याशा फरकानेही आम्लपणा ठरवणारे हायड्रोजन आयन सुमारे पाव हिश्श्याने वाढतात.

बाकी किरकोळ खुणा पेन्सिलीने केल्यात. हमालाच्या गोष्टीत 'दिवसभर ओझी वाहून त्याचे अंग आंबट झाले' हे वाचून बाबांना हसताना ठसका लागला. तिथे 'अंग आंबले' कर.

तुझी,
आई